७७ इनिंगची किंमत: सिएटल मरिनर्स आणि ३१ जुलै १९९७

बेसबॉलमधल्या फसलेल्या ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, यादी कुणीही करायला घेतली तरी ३१ जुलै १९९७ ही तारीख तिच्यात येतेच, आणि एकदा नव्हे, दोनदा येते. ट्रेडच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. सिएटल मरिनर्सने आपला नवाकोरा लेफ्ट फील्डर (मैदानाच्या डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक) होझे क्रूझ ज्युनियर टोरांटो ब्लू जेजला दिला आणि बदल्यात माइक टिमलिन आणि पॉल स्पोलजारिक हे दोन रिलीफ पिचर (सामन्यात मागाहून येणारे बोलर) घेतले. त्याच दिवशी बॉस्टन रेड सॉक्सला जेसन वॅरिटेक हा कॅचर (विकेटकीपरसारखा) आणि डेरेक लो हा तरुण पिचर देऊन तिसरा रिलीफ पिचर घेतला, हीथक्लिफ स्लोकम. तीन गेले, तीन आले.

पुढे काय झालं ते बेसबॉल बघणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. वॅरिटेक बॉस्टनचा कर्णधार झाला, लो २००४ च्या विजेतेपदाचा एक नायक ठरला आणि सिएटलला आलेले तिघेही १९९९ उजाडेपर्यंत संघात नव्हते. त्यामुळे हे प्रकरण सहसा हसण्यावारी नेलं जातं. पण २००४ चा निकाल हातात धरून १९९७ च्या माणसाला मूर्ख ठरवणं फार सोपं आहे. त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न असा विचारायला हवा: त्या दिवशी जनरल मॅनेजर वुडी वुडवर्ड यांच्या टेबलावर जी माहिती होती, तेवढ्यावरच हा सौदा कसा दिसतो?

आधी क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, सहा-सात इनिंग टाकतो. त्याचा हात दमला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरच्या ताफ्यातून, रिलीफ पिचर येतो. आघाडी टिकवून सामना संपवणारा शेवटचा पिचर म्हणजे क्लोजर. आपल्याकडे डेथ ओव्हर्सचा खास बोलर असतो, काहीसं तसंच. आघाडी राखून सामना संपवला की त्याच्या नावावर ‘सेव्ह’ जमा होतो. पिचरचा साधा मापदंड म्हणजे ईआरए: दर नऊ इनिंगमागे त्याने स्वतःच्या खात्यावर किती धावा दिल्या. त्या काळात साडेतीनच्या आसपास असला तर चांगला, साडेपाचच्या वर गेला तर काळजीचं कारण.

आता मुख्य गोष्ट. चांगला रिलीफ पिचर अख्ख्या सीझनमध्ये ६०-७० इनिंग टाकतो. संघाला १६२ सामन्यांत साधारण १,४५० इनिंग टाकाव्या लागतात. म्हणजे त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आत. उलट रोज खेळणारा बॅटर सीझनमध्ये सहाशेच्या आसपास वेळा बॅटिंगला येतो आणि जवळजवळ प्रत्येक इनिंगला मैदानात उभा असतो. अशा दोघांची अदलाबदल करायची तर तराजूचं एक पारडं मुळातच हलकं असतं. ते भरून काढायला काहीतरी असाधारण कारण लागतं.

सिएटलकडे कारण होतं, हे नाकारता येणार नाही. १९९७ चा मरिनर्स संघ बॅटिंगच्या बाबतीत भीतिदायक होता. केन ग्रिफी ज्युनियरचे ५६ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे) आणि एकमताने मिळालेला एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाच्या खेळाडूचा, किताब, जे ब्यूनरचे ४० होम रन, एडगर मार्टिनेझची ०.३३० ची सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३३० यशस्वी फटके), जोडीला बावीस वर्षांचा अॅलेक्स रॉड्रिगेझ. संघाने २६४ होम रन मारले. हा विक्रम २०१८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पिचिंगमध्ये रँडी जॉन्सन, २० विजय आणि फक्त ४ पराभव, ईआरए २.२८. एवढं सगळं असताना सामने हातातून निसटत होते ते सातव्या-आठव्या-नवव्या इनिंगमध्ये. नॉर्म चार्लटन क्लोजर होता आणि त्याचा वर्षअखेरचा ईआरए ७.२७ होता! बॉबी आयाला कधी चालायचा, कधी अजिबात नाही. मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे प्रशिक्षक, लू पिनेला हे मुळात तापट गृहस्थ. फोन उचलून बुलपेनमधून कुणाला बोलवायचं हा प्रश्न त्यांना रोज रात्री पडत होता. जॉन्सनचा करार १९९८ ला संपणार होता. असा संघ पुन्हा जुळून येईल याची खात्री कोण देणार?

तेव्हा गरज खरी होती. माझा आक्षेप गरजेवर नाही.

गरज निर्माण कशी झाली याकडे मात्र या प्रकरणाची चर्चा करणारे फारसे वळत नाहीत आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९९५ मध्ये सिएटलने न्यूयॉर्क यांकीजशी एक सौदा केला. खर्च कमी करण्याच्या दडपणाखाली फर्स्ट बेसमन टीनो मार्टिनेझ दिला. त्याच्याबरोबर जेफ नेल्सन आणि जिम मेसिर हे दोन रिलीफ पिचरही गेले. बदल्यात आले स्टर्लिंग हिचकॉक हा स्टार्टर आणि रस डेव्हिस हा थर्ड बेसमन. सगळ्यांचं लक्ष मार्टिनेझवर होतं. नेल्सनकडे कुणी पाहिलं नाही. तो पुढच्या पाच वर्षांत यांकीजच्या चार विजेत्या संघांचा भाग होता, सातव्या-आठव्या इनिंगचा हुकमी माणूस. वर्षभरात हिचकॉकही सिएटलने सॅन दिएगोला देऊन टाकला आणि स्कॉट सँडर्स आणला. सँडर्सला इतका मार बसला की जुलै १९९७ मध्ये, म्हणजे आपल्या प्रकरणाच्या दोनच आठवडे आधी, त्यालाही डेट्रॉइटला रवाना करावं लागलं.

माइक जॅक्सनची गोष्टही तशीच. १९९६ मध्ये तो सिएटलच्या बुलपेनचा भरवशाचा पिचर होता. हिवाळ्यात फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपून मोकळा होऊन, क्लीव्हलँडला गेला. १९९७ मध्ये त्याने तिथे १५ सेव्ह केले, १९९८ मध्ये ४०, आणि त्या वर्षी त्याचा ईआरए होता १.५५. त्याला राखायला सिएटलला एकही खेळाडू द्यावा लागला नसता, नुसते पैसे लागले असते.

म्हणजे दीड वर्षात नेल्सन, मेसिर आणि जॅक्सन असे तीन रिलीफ पिचर दाराबाहेर गेले आणि जुलैअखेरीस सिएटल तीन रिलीफ पिचरच्या शोधात बाजारात उभं होतं. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी विहीर खणून देणारा आपला दर दुप्पट सांगणार, हे ओघानेच आलं. टोरांटो आणि बॉस्टन दोघांच्याही त्या सीझनमधल्या आशा जवळजवळ संपल्या होत्या. त्यांना विकायची घाई नव्हती. सिएटलच्या बुलपेनची दशा साऱ्या लीगला दिसत होती. अशा वेळी घासाघीस करणार कशाच्या बळावर?

आता त्या दिवशी दिलं काय आणि घेतलं काय, ते पाहू.

क्रूझ तेवीस वर्षांचा होता. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, अख्ख्या देशात तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला, राइस विद्यापीठाचा खेळाडू, ह्यूस्टनकडून वर्षानुवर्षे खेळलेल्या होझे क्रूझचा मुलगा. ३१ मे रोजी त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे अव्वल स्तरावर, पाऊल टाकलं आणि दोन महिन्यांत, ४९ सामन्यांत १२ होम रन ठोकले. मुख्य म्हणजे तो खेळत होता. खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमधलं वचन नव्हतं ते, रोज लेफ्ट फील्डमध्ये उभा राहणारा माणूस होता. शिवाय नियमानुसार पुढची सहा वर्षं तो सिएटलच्या ताब्यात राहिला असता, त्यातली पहिली काही तर किमान वेतनावर.

त्याच्या बदल्यात आलेला टिमलिन चांगला पिचर होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. टोरांटोकडून त्याचा ईआरए २.८७ होता. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजचा (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा) शेवटचा बळी त्याच्याच हातून पडला होता, ओटिस निक्सनचा बंट (बॅटने हळूच ढकललेला चेंडू) उचलून फर्स्ट बेसला फेकून. दडपण त्याला नवीन नव्हतं. स्पोलजारिक डावखुरा, टोरांटोत ईआरए ३.१९, अनुभव बेताचा. दोघांत मिळून एक बरा आणि एक कामचलाऊ. किंमत चढी होती, पण माल खोटा नव्हता.

स्लोकमचं तसं नाही. बॉस्टनमध्ये त्या वर्षी त्याचा ईआरए ५.७९ होता, पराभव पाच, विजय शून्य. प्रत्येक इनिंगला जवळजवळ दोन बॅटर बेसवर चढवल्याशिवाय त्याचं भागत नसे. मग त्याला घेतलं कशासाठी? कारण त्याच्या नावापुढे ‘क्लोजर’ लिहिलेलं होतं. १९९५ मध्ये फिलाडेल्फियाकडून ३२ सेव्ह, १९९६ मध्ये बॉस्टनकडून ३१. सेव्ह हा आकडा फार फसवा असतो. तीन धावांची आघाडी घेऊन आलेल्या पिचरने दोन धावा देऊन सामना संपवला तरी त्याला सेव्ह मिळतो. तो कसा टाकतो यापेक्षा त्याला टाकायला कधी बोलावतात, हेच त्या आकड्यातून जास्त कळतं. सिएटलकडे नवव्या इनिंगमध्ये धावा देणारा पिचर आधीच होता. त्यांनी आणखी एक आणला.

आणि त्यासाठी दिलं काय? वॅरिटेक पंचवीस वर्षांचा, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सिएटलनेच पहिल्या फेरीत निवडलेला. करारासाठी त्याने महिनोनमहिने ताणून धरलं होतं, त्यामुळे संघ आणि तो यांच्यात फार गोडवा नसावा. टकोमाच्या ट्रिपल-ए (मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवरच्या) संघात त्याची कामगिरी ठीकठाक होती. वर मुख्य संघात डॅन विल्सन हा चांगला कॅचर होता आणि तो हलणार नव्हता. लो चोवीस वर्षांचा, सिएटलकडून १२ सामने खेळून ईआरए ६.९६. म्हणजे कागदावर एक जादा कॅचर आणि एक मार खाल्लेला पोरगा. त्या दिवशी चर्चा झाली ती क्रूझची. या दोघांची कुणाला फारशी हळहळ वाटली नाही.

माझा निवाडा इथे नेहमीच्या निवाड्यापेक्षा थोडा वेगळा पडतो. लोक म्हणतात, क्रूझचा सौदा त्यातल्या त्यात बरा, कारण क्रूझ काही महान झाला नाही. वॅरिटेक-लोचा सौदा महामूर्खपणाचा, कारण ते दोघे मोठे झाले. हे सगळं पुढचं पाहून बोलणं आहे. वॅरिटेक कर्णधार होईल किंवा लो एका सीझनमध्ये २१ सामने जिंकेल हे १९९७ मध्ये सांगणारा कुणी नव्हता, बॉस्टनमध्येही नसावा. पण स्लोकम वाईट टाकतोय हे तेव्हाच दिसत होतं. क्रूझच्या सौद्यात किंमत चुकली, स्लोकमच्या सौद्यात मालच चुकला. जास्त भावाने चांगली वस्तू घेणाऱ्याला घाई नडली असं म्हणता येतं. खराब वस्तू तिच्यावरची चिठ्ठी वाचून घेणाऱ्याची बाजू मांडणं मला तरी जमत नाही. म्हणून वाईट निर्णय दुसराच. पण तो वॅरिटेकमुळे नव्हे, स्लोकममुळे.

विल्सन असताना वॅरिटेक विकायला काढणं अगदी रास्त होतं. फक्त त्या पैशात दुसरं काहीतरी घ्यायचं होतं.

बरं, निदान त्या सीझनपुरता तरी फायदा झाला का? सिएटलने ९० सामने जिंकून आपला विभाग, म्हणजे लीगमधला गट, जिंकला. ‘बघा, बुलपेन सुधारलं म्हणून जिंकले’ असं तेव्हा म्हणता आलं असतं. थोडं गणित करून पाहू. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिएटलकडून स्लोकमने २८, टिमलिनने २५ आणि स्पोलजारिकने २२ इनिंग आणि वर काही चेंडू टाकले. एकूण सुमारे ७७ इनिंग. त्यांचे ईआरए अनुक्रमे ४.१३, ३.८६ आणि ४.७६. तिघांचा मिळून सव्वाचारच्या जवळपास, म्हणजे ३६ धावा. यांच्या जागी आधीचीच मंडळी टाकत राहिली असती आणि त्यांनी ६ च्या दराने धावा दिल्या असत्या असं धरू. तर ५१ धावा झाल्या असत्या. फरक १५ धावांचा. बेसबॉलचा ढोबळ हिशोब असा की दहा धावांमागे एक विजय. शेवटच्या इनिंगमधल्या धावांचं वजन जास्त, म्हणून उदारपणे दुप्पट धरा. तीन विजय.

दुसऱ्या क्रमांकावरचा अनाहाइम एंजल्स संघ ८४ विजयांवर थांबला होता. सिएटल सहा सामन्यांनी पुढे राहिलं. तीन विजय वजा केले तरी विभाग त्यांचाच होता, आणि क्रूझ लेफ्ट फील्डमध्ये राहिला असता तर त्यातलं काहीतरी परतही आलं असतं. त्याने उरलेल्या दोन महिन्यांत टोरांटोसाठी आणखी १४ होम रन मारले. सरासरी घसरून ०.२३१ झाली खरी, तरी नवोदितांच्या मतदानात तो नोमार गार्सियापारानंतर दुसरा आला. इकडे सिएटलला लेफ्ट फील्डसाठी तीनच आठवड्यांत मिनेसोटाकडून रॉबर्टो केली आणावा लागला. एक भोक बुजवायला दुसरं पाडलं, मग तेही बुजवायला धावाधाव.

प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, तर रिलीफ पिचरचा मुद्दा फारसा उरलाच नाही. बाल्टिमोर ओरिओल्सने सिएटलला ३-१ ने घरी पाठवलं. माइक मुसिनाने रँडी जॉन्सनला दोन्ही वेळा हरवलं आणि २६४ होम रन मारणारी बॅटिंग त्याच्यापुढे गप्प बसली. बुलपेनलाही मार बसला, पण आघाडीच नसेल तर क्लोजर राखणार काय?

१९९८ मध्ये टिमलिनने आपलं काम चोख केलं: ईआरए २.९५, १९ सेव्ह. स्लोकम ५.३२ वर गेला, स्पोलजारिक ६.४८ वर. सिएटल ७६-८५ वर आपटलं आणि जुलैअखेरीस रँडी जॉन्सनलाच ह्यूस्टनला देऊन टाकावं लागलं. सीझन संपताच टिमलिन आणि स्लोकम फ्री एजंट म्हणून गेले. स्पोलजारिक फिलाडेल्फियाला देऊन मार्क लायटर हा पिचर घेतला. तो सिएटलकडून १९९९ मध्ये दोन सामने खेळला. तीन खेळाडूंच्या बदल्यात हाती उरलं ते एवढंच.

क्रूझ सहा सीझन टोरांटोत राहिला, १२२ होम रन मारले, २००१ मध्ये ३४ होम रन आणि ३२ बेस चोऱ्या (पिचरची नजर चुकवून पळत पुढचा बेस गाठणं) असा दुहेरी पराक्रम केला. मधल्या काळात त्याला मायनर लीगमध्येही पाठवलं गेलं होतं आणि त्या वर्षांत टोरांटो एकदाही प्लेऑफमध्ये पोचलं नाही. म्हणजे टोरांटोचाही तो काही जॅकपॉट नव्हता, चांगला सौदा होता इतकंच. वॅरिटेक बॉस्टनकडून २०११ पर्यंत खेळला, चार नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न मिळालेल्या) सामन्यांत कॅचर होता. त्यातला एक, एप्रिल २००२ मधला, लोचाच. २००४ मध्ये बॉस्टनने तिन्ही फेऱ्यांत ज्या सामन्यांनी मालिका जिंकल्या, त्या तिन्ही सामन्यांत विजयी पिचर लो होता. आणि गंमत पाहा, त्या संघात टिमलिनही होता. शिवाय डेव्हिड ऑर्टिझ, जो १९९६ मध्ये सिएटलच्याच मायनर लीगमधून डेव्ह हॉलिन्सच्या बदल्यात मिनेसोटाला गेला होता. बॉस्टनच्या शहाऐंशी वर्षांच्या दुष्काळाला सिएटलने एवढं पाणी पुरवलं, त्याची पावती कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

बॉस्टनच्या बाजूने फार टाळ्या वाजवायच्या आधी हेही लक्षात असू द्या की ऑगस्ट १९९० मध्ये याच रेड सॉक्सने जेफ बॅगवेल हा तरुण बॅटर ह्यूस्टनला देऊन लॅरी अँडरसन हा रिलीफ पिचर घेतला होता. अँडरसनने १५ सामन्यांत २२ इनिंग टाकल्या, ईआरए १.२३, म्हणजे अप्रतिम. बॉस्टनने विभाग जिंकला, पुढच्या फेरीत ओकलंडकडून चारही सामने हरले, अँडरसन निघून गेला. बॅगवेल ४४९ होम रन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. इथे माल उत्तम होता, काम चोख झालं, तरीही सौदा बुडाला, कारण २२ इनिंग म्हणजे २२ इनिंगच.

उलट बाजूचं ठळक उदाहरण २०१६ चं. शिकागो कब्जने ग्लेबर टोरेस हा आपला सर्वात मोलाचा तरुण खेळाडू आणि आणखी तिघे देऊन यांकीजकडून अॅरोल्डिस चॅपमन घेतला. तोही दोन-तीन महिन्यांसाठीच. टोरेस पुढे ऑल-स्टार झाला. पण कब्जने १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि शिकागोत त्या सौद्याबद्दल कुरकुर करणारा सापडणं कठीण. फरक नशिबाचाही आहेच, तो नाकारत नाही. पण तेवढाच नाही. कब्जचा संघ बाकी सर्व अंगांनी पूर्ण होता, टोरेसच्या जागेवर मोठ्या संघात आधीच तरुण खेळाडू होते आणि चॅपमन त्या घडीला जगातल्या सर्वोत्तम क्लोजरपैकी होता. सिएटलने मात्र स्वतःच्याच लाइनअपमधला माणूस काढून दिला आणि बदल्यात मध्यम दर्जाचे तिघे घेतले.

सिएटलने मग काय करायला हवं होतं? वॅरिटेकला टिमलिनसारख्या एका चांगल्या रिलीफ पिचरसाठी पुढे करायचं, क्रूझला हात लावू द्यायचा नाही, आणि टोरांटो तयार झालं नाही तर चार्लटन-आयालावरच सीझन काढायचा. वरच्या गणिताप्रमाणे विभाग तरीही हातात होता. पिनेलांनी आरडाओरडा केला असता. करू द्यायचा.

आणि हे शहाणपण अशक्य कोटीतलं नव्हतं हे सिएटलनेच नंतर दाखवलं. १९९९ नंतर वुडवर्ड गेले आणि पॅट गिलिक आले. काझुहिरो सासाकीला जपानमधून आणलं, आर्थर ऱ्होड्सला फ्री एजंट म्हणून घेतलं, आणि २००१ च्या आधी तोच जेफ नेल्सन परत सिएटलला आला, तोही फ्री एजंट म्हणूनच. तिघांसाठी मिळून एकही खेळाडू द्यावा लागला नाही. त्या वर्षी मरिनर्सने ११६ सामने जिंकले. लेफ्ट फील्डचा प्रश्न मात्र तेव्हाही सुटलेला नव्हता. तिथे अॅल मार्टिन आणि मार्क मॅकलेमोर आलटून पालटून खेळत होते.